आधी रंग, मग शिसं

घरी विमान बनतंय असं कळलं की लोक पहिल्यांदा इंजिनाचं विचारतात. कुठलं आहे, किती हॉर्सपॉवर, पेट्रोल किती खातं. मग कोणाला तरी अमोल यादव आठवतात, कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं ते विमान, २०१६ मध्ये मुंबईत मेक इन इंडियाच्या वेळी ठेवलं होतं ते, "तसलंच काय तुमचं पण?" आणि शेवटी ठरलेला प्रश्न, उडणार कधी आणि कुठून. परवानग्यांचं प्रकरण फार मोठं आहे, ते इथे काढत नाही. पण मला ज्याच्याबद्दल तासन् तास बोलावंसं वाटतं ते कोणी विचारतच नाही, ते म्हणजे एलरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, विमान डावी-उजवीकडे झुकवणारी) नाकात बसवलेला शिशाचा तुकडा.

आमची शेड गोव्यात फोंड्याजवळ, कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेला आहे, पूर्वी तिथे सुपारी ठेवायचे. विमान दोन सीटचं, अल्युमिनियमच्या पत्र्याचं, प्लॅन आणून बांधतोय. मामा नेव्हीत विमानांच्या मेंटेनन्समध्ये होता, दाबोळीला बरीच वर्षं काढली त्याने, रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा झाला की थेट शेडमध्ये. विमान माझं म्हणायचं पण नजर त्याची. आणि त्याचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद आहे, की इंजिन बंद पडलं तर विमान ग्लाइड करत खाली आणता येतं, पण फ्लटर सुरू झालं तर आणायला विमानच उरत नाही. तेव्हा मला हे जरा जास्तच वाटायचं, पण जसजसं वाचत गेलो आणि हाताने करत गेलो तसतसं पटत गेलं.

फ्लटर म्हणजे काय ते आधी सांगतो. पंख ही काही कडक फळी नसते, तो वाकतो, पिळतो आणि परत जागेवर येतो, तसाच तो डिझाइन केलेला असतो. त्याच्या मागच्या कडेला एलरॉन बिजागरीवर बसलेला. एलरॉनचा बहुतेक पत्रा बिजागरीच्या मागे असतो त्यामुळे वजनही मागेच. आता खालून वाऱ्याचा एक झोत आला आणि पंख झटक्यात वर गेला, तर बिजागरी पंखाबरोबर वर जाणार, पण एलरॉनचं मागचं वजन लगेच हलत नाही, ते रेंगाळतं, म्हणजे एलरॉनची मागची कड पंखाच्या मानाने खाली राहते. एलरॉन खाली झुकला की त्या पंखाची लिफ्ट, हवेचा वर उचलणारा जोर, वाढते, म्हणजे आधीच वर निघालेल्या पंखाला हवा अजून वर ढकलते. मग पंखाचा ताण त्याला परत खाली खेचतो, तर आता एलरॉन वर राहून जातो, लिफ्ट कमी होते, आणि खाली येणाऱ्या पंखाला हवा अजून खाली दाबते. झोपाळा ज्या बाजूला चाललाय त्याच बाजूला दरवेळी कोणीतरी धक्का द्यावा, तसं. कमी स्पीडला हा धक्का फुसका असतो, पंख थोडा थरथरतो आणि हवाच ते शांत करते. पण एका ठरावीक स्पीडच्या वर हवा जेवढं शमवते त्यापेक्षा जास्त जोर आत घालते, आणि मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. हे सगळं सेकंदाला कितीतरी वेळा होतं, पायलटने स्टिक घट्ट धरली तरी मधल्या केबल आणि रॉड थोडे ताणतातच, त्यामुळे हाताने थांबवण्याचा प्रश्नच येत नाही. काही सेकंदांत एलरॉन नाहीतर पंखच तुटू शकतो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर विश्वास बसत नाही. बिजागरीच्या पुढे वजन घालायचं. एलरॉनचा गुरुत्वमध्य बरोबर बिजागरीच्या रेषेवर आणला की पंख वर जाताना एलरॉन रेंगाळतच नाही, पंखाबरोबर तसाच वर जातो, मग धक्का द्यायला हवेला काही सापडत नाही. यालाच मास बॅलन्स म्हणतात.

हे कळायला माणसांना वेळ लागला, आणि ते सुद्धा विमानं हलून मोडल्यावर. १९१६ मध्ये हॅन्डली पेजच्या दोन इंजिनांच्या बॉम्बरचं शेपूट हवेत भयंकर थरथरायचं. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरने शोधून काढलं की डावा आणि उजवा एलिव्हेटर (शेपटावरच्या आडव्या हलत्या पट्ट्या, विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या) एकमेकांना घट्ट जोडलेलेच नाहीत, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली जाऊ शकतो. दोघांना जाड नळीने (टॉर्क ट्यूब) जोडलं, थांबलं. पुढच्या वर्षी डीएच-९ या बॉम्बरला तोच रोग आणि तेच औषध. पण वजनाची गोष्ट डच लोकांनी शोधली. १९२२ मध्ये फान बर्केल नावाच्या कंपनीच्या एका सीप्लेनला एलरॉनचं फ्लटर झालं, त्यावर फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग या दोघांनी अभ्यास केला आणि दाखवून दिलं की बिजागरीच्या पुढे वजन घालून पंखाची आणि एलरॉनची ही जुगलबंदी तोडता येते. शंभर वर्षं झाली त्याला, आणि फोंड्याच्या शेडमध्ये आम्ही आजही तेच करतोय.

आता रंगाकडे येतो, कारण गोव्यात सगळं तिथेच अडतं.

इथली हवा लोखंडाला सोडत नाही तशी अल्युमिनियमलाही सोडत नाही. फोंडा समुद्रापासून आत आहे हे खरं, पण झुआरीची खाडी काही लांब नाही, आणि विमान काही कायम फोंड्यात राहणार नाही. खारी दमट हवा पत्र्याच्या जोडात शिरते, रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते, आणि ती दिसते तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणून इथला कोणीही अनुभवी माणूस सांगणार, आतून बाहेरून प्रायमर मार, वर रंगाचे चांगले दोन-तीन हात दे. त्याचं चूक नाहीये. पण एलरॉनवर लागलेला रंग बहुतेक सगळा बिजागरीच्या मागे बसतो, कारण एलरॉनच मागे आहे! म्हणजे खारं वारं म्हणतं जास्त लाव आणि बॅलन्स म्हणतो कमी लाव, आणि दोघंही बरोबर.

आकडे घालून बघा म्हणजे कळेल. आमच्या एलरॉनची मागची कड बिजागरीपासून २४ सेंटिमीटरवर आहे, पुढच्या शिशाचं अंतर बिजागरीपासून जेमतेम ४ सेंटिमीटर, त्याच्या पुढे जागाच नाही. समजा प्रायमर आणि रंग मिळून ८० ग्रॅम झाले आणि त्यांचं सरासरी अंतर बिजागरीमागे १० सेंटिमीटर धरलं, तर ८०० ग्रॅम-सेंटिमीटरचा मोमेंट (वजन गुणिले अंतर) मागे गेला. तो तोडायला पुढे ४ सेंटिमीटरवर २०० ग्रॅम शिसं लागणार. ८० ग्रॅमचा रंग पण विमानावर बोजा पडला २८० ग्रॅमचा, तोही एका एलरॉनवर, दुसरा आहेच, मग एलिव्हेटर, मग रडर (शेपटावरची उभी हलती पट्टी). हे वजन तिथून पुढे प्रत्येक उड्डाणात वर न्यायचं.

म्हणून आम्ही ठरवलं की प्रायमर कुठेही सोडायचा नाही, आतल्या रिब्जना, जोडांना, रिव्हेटच्या भोकांना सुद्धा, कारण गंज लागलेलं विमान बॅलन्स असून उपयोग काय. पण वरचा रंग पातळ, आणि पुट्टी अजिबात नाही. गाड्या रंगवणारा एक चांगला पेंटर आहे आमच्या ओळखीचा, हात इतका साफ की आरशासारखं फिनिश देतो, त्याला हे पचायला जड गेलं. गाडीला पत्र्यावरचा पोचा पुट्टीने भरला की झालं, इथे मागच्या कडेला चमचाभर पुट्टी म्हणजे पुढे तिच्या सहापट वजनाचं शिसं. मामाने त्याला रागावून वगैरे सांगितलं नाही, एक एलरॉन स्टँडवर ठेवला आणि पाच रुपयांचं नाणं मागच्या कडेवर ठेवलं. कड सावकाश खाली गेली. "आता पुढे ठेव तू," म्हणाला. पेंटरने शिशाच्या जागी एक ठेवलं, काही नाही, दोन, तीन, खिशातली संपली मग माझ्याकडून घेतली, सहावं ठेवल्यावर एलरॉन आडवा झाला. "पळय," म्हणजे बघ, मामा एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून पेंटर स्वतःच रंगाचा कप मारण्याआधी आणि मारल्यावर काट्यावर ठेवून वहीत लिहितो.

हा स्टँड फार साधा आहे, पण तो नीट नसेल तर सगळं मोजमाप फुकट. दोन लाकडी खांब, त्यावर स्टीलच्या पट्ट्या धार लावून उभ्या बसवलेल्या, दोन्ही धारा लेव्हलमध्ये. एलरॉनच्या हिंजमधून, म्हणजे बिजागरीतून, बारीक गुळगुळीत सळ्या घालायच्या आणि त्या धारांवर टेकवायच्या. विमानावरच्या बेअरिंगवर बॅलन्स बघू नये, बेअरिंग थोडं जरी घट्ट असलं तरी घर्षणामुळे एलरॉन कुठेही थांबतो आणि आपल्याला वाटतं वा, बॅलन्स झाला. पुशरॉडचा (एलरॉन हलवणाऱ्या दांड्याचा) जेवढा भाग एलरॉनबरोबर हलतो तेवढाही प्लॅनमध्ये सांगितलाय तसा धरायचा. मग पंखा बंद, दार लावून घ्यायचं. पावसाळ्यात दार लावल्यावर शेडमध्ये काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको, घामाचा थेंब एलरॉनवर पडेल म्हणून कपाळाला फडकं बांधून बसायचं. पण वाऱ्याची झुळूक एवढ्या मोठ्या पत्र्याला लागली की काट्यावरचा आकडा नाचतो, त्यामुळे इलाज नाही.

मोजायचं असं. एलरॉनची मागची कड काट्यावर टेकवायची, एलरॉन बरोबर आडवा हवा, काटा जेवढे ग्रॅम दाखवतो त्याला बिजागरीपासून कडेपर्यंतच्या अंतराने गुणायचं. तो आपला मोमेंट. त्याला पुढच्या वजनाच्या अंतराने भागलं की किती शिसं ते मिळतं. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आहे आमच्याकडे, दशांश ग्रॅम दाखवणारा, त्याने बरंच सोपं झालं. नेमका किती टक्के बॅलन्स हवा ते मात्र डिझायनरने प्लॅनमध्ये दिलेलं असतं, काही विमानांना पूर्ण शंभर लागतो, काहींना थोडा कमी चालतो, आणि तिथे आपली अक्कल चालवायची नाही. जास्त घातलं तर जास्त सेफ असं म्हणून शिसं ओतत सुटणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. डिझायनरने हिंज, आर्म, पंखाची ताकद सगळं एका हिशोबाने केलेलं असतं.

शिसं आम्ही जाळ्यांच्या दुकानातून आणलं. पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) कडेला लावायच्या गोळ्या मिळतात त्या, गोव्यात त्याला तोटा नाही. बॅटरीतलं शिसं घेऊ नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं, शिवाय ॲसिड. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, स्टोव्हवर सहज होतं, त्यामुळे लोकांना तो खेळ वाटतो. तसं नाहीये. मामाचे नियम कडक आहेत: काम उघड्यावर, वारा पाठीमागून, पायात बूट, हातात चामड्याचे मोजे, डोळ्यावर चष्मा, आणि ते भांडं पुन्हा कधीही घरात जाणार नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साचा कोरडा हवा. साच्यात पाण्याचा एक थेंब जरी असला तरी गरम शिसं पडल्याबरोबर त्याची वाफ होते आणि शिसं अंगावर उडतं. इथे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेव्हा ओतकाम नाहीच. पाऊस गेल्यावर, दसऱ्यानंतर, साचा आधी चुलीजवळ तापवून मगच.

ओतून झालं की थोडं जास्तच वजन ठेवायचं आणि मग कानशीने घासत घासत खाली आणायचं. पण बसवताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक म्हणजे शिसं मऊ, बोल्टच्या दाबाखाली ते हळूहळू दबत जातं आणि बोल्ट आपोआप सैल होतो, म्हणून खाली मोठे वॉशर, आणि काही उड्डाणांनंतर परत तपासायचं. दुसरं म्हणजे शिसं आणि अल्युमिनियम एकमेकांना लागून ठेवले आणि खारी ओल मिळाली की अल्युमिनियम खाल्लं जातं. आम्ही शिशाला सगळीकडून इपॉक्सी प्रायमर मारला आणि मध्ये पातळ पट्टी घातली. आणि ते वजन धरून ठेवणारा भाग? अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या नियमात होतं की बॅलन्स वजनाची बैठक एलरॉनच्या पातळीशी काटकोनात २४ जी (म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चोवीस पट) आणि बाकीच्या दोन दिशांना १२ जी सोसणारी हवी. २०० ग्रॅमचं शिसं २४ जी ला जवळजवळ पाच किलोचं होतं. नुसतं गोंदाने चिकटवून भागत नाही ते यासाठी.

स्टँडवर एलरॉन आडवा थांबला म्हणजे सगळं झालं असंही नाही. वजन कुठे बसलंय तेही महत्त्वाचं. पंखाचं टोक जास्त हलतं, बुंध्याकडे कमी. सगळं शिसं एलरॉनच्या आतल्या टोकाला ठोकलं तर स्टँडवर काटा शून्य दाखवेल, पण उडताना बाहेरच्या टोकाचा पत्रा तसाच रेंगाळणार. म्हणून बऱ्याच डिझाइनमध्ये पुढच्या कडेत लांबच्या लांब स्टीलची सळी किंवा पाइप असतो. स्टील शिशापेक्षा हलकं, त्यामुळे जागा जास्त खातं, पण वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं.

आणि ढिलेपणा. याच्यावर मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायचंय. १६ सप्टेंबर २०११ ला अमेरिकेत रीनोच्या एअर रेसमध्ये एक पी-५१ मस्टँग कोसळलं, पायलट आणि दहा प्रेक्षक गेले. चौकशीत निघालं की एलिव्हेटरच्या डाव्या ट्रिम टॅबचे (एलिव्हेटरच्या मागच्या कडेची छोटी हलती पट्टी) स्क्रू सैल झाले होते कारण आतले लॉकनट जुने होऊन त्यांची पकड गेली होती. टॅबचा कडकपणा कमी झाला, फ्लटर सुरू झालं, टॅबचा तुकडा निघाला. केवढं विमान आणि केवढासा टॅब. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये नायलॉनचा लॉकनट एकदा काढला की तो परत बसत नाही, नवीनच लागतो, मामा जुना लगेच डब्यात टाकतो. रॉडच्या टोकाचं बेअरिंग, हिंजची पिन, टॅबची सळी, प्रत्येक ठिकाणी बोटाने हलवून बघायचं की खडखड होते का. कारण बॅलन्स कितीही चोख असला तरी टॅबमध्ये खेळ असेल तर फ्लटरला दुसरी वाट मिळते.

कधीतरी मामाबरोबर बोगमाळोच्या रस्त्यावरच्या नेव्हीच्या म्युझियममध्ये जा, म्हणजे माझ्यासारखं होईल तुमचं. लोक सुपर कॉन्स्टेलेशनच्या तीन शेपट्यांपुढे, सी हॉकच्या नाकापुढे फोटो काढतात, आणि आम्ही दोघं अलिझेच्या पंखामागे वाकून हिंज बघत उभे. त्यातल्या काही विमानांवर त्याने प्रत्यक्ष काम केलेलं आहे. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभी आहेत ती सगळी, मागच्या कडांवर रंगावर रंग चढलेला दिसतो. ती आता उडत नाहीत म्हणून चालतं, उडणाऱ्या विमानाला असा एक जादा हात दिला की सगळे एलरॉन उतरवून परत स्टँडवर.

हे परत परत करणं लोकांना पटत नाही, एकदा बॅलन्स केलं ना, झालं की. पण एलरॉन बदलत राहतो. पत्र्याला ठिगळ मारलं, वजन वाढलं. तळाची पाणी जायची भोकं रंगाने बुजली आणि पावसाचं पाणी आत साठलं, वजन वाढलं, आणि ते पाणी मागच्या कडेकडेच जाऊन बसतं. कुंभारीण माशी तर कोकणात सगळ्यांना माहीत आहे, जिथे भोक दिसेल तिथे मातीचं घरटं. शेडमध्ये ती ड्रिलच्या चकमध्ये शिरते तर एलरॉनमध्ये का नाही शिरणार? म्हणून एलरॉन ठेवायचे ते भोकांना जाळी लावून, आणि प्रत्येक वेळी हलवून कान देऊन ऐकायचं आत काही खुळखुळतंय का. वहीत प्रत्येक पृष्ठभागाचं वेगळं पान आहे: रंगाआधीचं वजन, रंगानंतरचं, काट्याचा आकडा, शिसं किती, कोणी मोजलं, परत कोणी मोजलं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने आधीचा आकडा न बघता मोजायचं.

आता एलरॉन आणि एलिव्हेटर झालेत, रडर राहिलाय. माझ्या भाचीला पांढऱ्या विमानावर रडरवरून जाणारा रुंद निळा पट्टा हवाय, चित्र काढून शेडच्या दारावर लावलंय तिने. मामाने वही काढून तिच्यासमोर हिशोब मांडला, पट्टा एवढा, म्हणजे रंग एवढे ग्रॅम, बिजागरीपासून एवढा मागे, म्हणजे शिसं एवढं. तिने तो सगळा तपासून घेतला, एक गुणाकार परत करायला लावला, आणि मग विचारलं की रडरच्या पुढचा तो उभा फिन हलतो का. नाही हलत. तर पट्टा फिनवर घ्यायचा ठरलंय, तिथे तिला पाहिजे तेवढा निळा.